शेततळ्याचा ५०० मायक्रॉन कागद: कोरडवाहू शेतकऱ्यानं घ्यावा का? अथणी भागातला अनुभव

शेततळं काढावं का, काढलं तर आत कागद टाकावा का, टाकला तर कुठला टाकावा, असं आमच्या भागातली बरीच मंडळी विचारायलेत म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय. कागद म्हणजे शेततळ्यात अंथरतात ते जाड प्लास्टिक, एचडीपीईचं, दुकानदार त्याला जिओमेम्ब्रेन म्हणतात, आपण सगळे कागदच म्हणतो. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडी. मी २०२२ च्या उन्हाळ्यात टाकला. त्यानंतर एक बरं साल बघितलं, २०२३ चा दुष्काळ बघितला, परत चांगला पाऊस बघितला, त्यामुळं आता बोलायला हरकत नाही. पाचपैकी चार स्टार देतोय, एक कशापायी कापला ते पुढं येईलच.

आधी जमीन सांगतो, कारण ती न सांगता लिहिलेला रिव्ह्यू दुसऱ्या शेतकऱ्याला काही कामाचा नाही. कर्नाटकातल्या अथणी तालुक्याच्या जतकडच्या अंगाला आमची साडेतीन एकर, वरचा भाग मुरमाड, खाली उतरणीला काळी. कॅनॉल नाही, नदी लांब. बेळगाव जिल्हा म्हटलं की बाहेरच्या लोकांना खानापूर आठवतं, तिकडं कणकुंबीला हजारांच्या हिशोबात मिलिमीटर पडतो, आणि त्याच जिल्ह्यात आमच्याकडं वर्षाला सहाशेच्या आत. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णाकाठची गावं पाण्यात गेली, घरं पडली, ऊस कुजला, आमचे पाहुणे तिकडं शाळेत मुक्कामाला होते. एवढं पाणी गाडीवर जाऊन बघून यायच्या अंतरावर होतं, पण आमच्या माळावरच्या पिकाला त्याचा एक थेंब उपयोगाचा नाही.

पाऊस कमी झालाय असं मी सरसकट म्हणणार नाही, पण पावसाची घडी मोडलीय हे नक्की. आमचे आजोबा नक्षत्रावर पेरायचे, मृगात काय, उत्तरेत काय, हस्तात शाळू म्हणजे रब्बी ज्वारी कधी घालायची, सगळं ठरलेलं, आणि चारपाच वर्षांत एखादं साल चुकायचं. आता महिनाभर ढग नुसते जातायत येतायत आणि मग एका रात्रीत असा कोसळतो की बांध फुटून काळी माती ओढ्याला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला होता, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनं वाढलेत असं त्यात होतं. तो पट्टा म्हणजे काही फक्त आमचा माळ नव्हे, पण वाचल्यावर वाटलं की आपण बांधावर बसून जे बोलतोय तेच हे लोक आकड्यात सांगायलेत. आणि २०२३ चा ऑगस्ट तर कुणी विसरायचं नाही, १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पडल्या तर मघा, नाहीतर वर ढगाकडं बघा म्हणतात ना, त्या साली अख्खा गाव वर बघत बसला होता. कर्नाटकातल्या २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके सरकारनं दुष्काळी म्हणून जाहीर केले.

आता मुद्द्याचं. असा पाऊस असला की कोरडवाहू माणसाला वर्षभराचं पाणी नको असतं, त्याला एक पाणी पाहिजे असतं. फक्त एक. शाळू पेरून महिना झाला, वाढ चाललीय आणि जमीन भेगाळायला लागलीय, किंवा हरभरा फुलात आलाय, त्या वेळेला एक पाणी मिळालं की पीक वाचतं. मोठा पाऊस पडतो तेव्हा जे पाणी शेतातून पळून जातं ते धरून ठेवायचं आणि ऑक्टोबर नोव्हेंबरात द्यायचं, एवढंच शेततळ्याचं काम. आमच्या शेजारच्या मामांनी रोजगार हमीतून कागदाशिवाय तळं काढलं होतं, खाली मुरूम लागला, पावसाळ्यात काठोकाठ भरलेलं दिसायचं आणि दसऱ्याला बघावं तर तळाला चिखल. विहिरीला त्याचा फायदा झाला असेल, तो मी नाकारत नाही, पण हातात पाणी राहिलं नाही. म्हणून कागद.

हिशोब सांगतो कारण इथंच बरेच जण फसतात. माझं तळं वर २१ बाय २१ मीटर, खोली ३ मीटर. काळी माती आहे म्हणून बाजूचा उतार दीडास एक ठेवला, म्हणजे एक मीटर खाली जायला दीड मीटर आत, सरळ कापला की काळी माती फुगून आकसून ढासळते आणि सगळा ताण कागदावर येतो. त्यामुळं तळाला १२ बाय १२ मीटर राहतं. असं तळं पूर्ण भरलं की साधारण ८ लाख ४० हजार लिटर पाणी मावतं. ऐकायला लय मोठं वाटतं. पण एक एकराला ५० मिलिमीटरचं एक पाणी द्यायचं म्हटलं तरी २ लाख लिटर लागतं, म्हणजे भरलेलं तळं फार तर चार एकराला एक पाणी. त्यातून उन्हानं आणि वाऱ्यानं उडून जाणारं वजा करा, दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तर २ हजार लिटरच्या वर रोज जातं, महिन्याला ६५ हजाराच्या आसपास. हे पाणी कुठलाही कागद वाचवू शकत नाही, कागद खालून जाणारं थांबवतो, वरून जाणारं नाही. आणि भरणार कसं? चार एकराचं पाणी तळ्याकडं वळत असेल आणि ५० मिलिमीटरचा एक दणका बसला, त्यातला पाचवा हिस्सा वाहून आला असं धरलं, तर एका दणक्यात दीड लाखाच्या थोडं वर जमतं. म्हणजे असे पाच दणके लागतात. माझ्या साडेतीन एकराबरोबर वरच्या चुलत भावाचं पाणी पण माझ्याकडं उतरतं म्हणून मला २१ बाय २१ परवडलं. ज्याच्याकडं वरून पाणी यायलाच जागा नाही त्यानं १० बाय १० किंवा १२ बाय १२ चं काढावं, उगीच मोठा खड्डा आणि मोठा कागद घेऊन अर्धं रिकामं ठेवण्यात अर्थ नाही.

कागद विकत घ्यायचा अनुभव. पहिल्यांदा ज्या दुकानात गेलो तिथं रोलवर ठळक अक्षरात ५०० मायक्रॉन लिहिलं होतं, दर पण बाकीच्यांपेक्षा कमी. माझ्याबरोबर आमच्या गावातला आयटीआय झालेला पोरगा होता, तो म्हणाला काका एक मीटर बाय एक मीटर तुकडा कापून मागा आणि वजन करा. शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला तर तीनशे ग्रॅम पण भरेना. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा एचडीपीई कागद चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे, पावणेतीनशे भरतोय म्हणजे तो ३०० मायक्रॉनचा. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला सगळे हाच नेतात. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण ही वजनाची पद्धत मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावी, काट्याला कुणी फसवू शकत नाही. दुसऱ्या ठिकाणी बिलावर आयएस १५३५१, म्हणजे असल्या कागदाचं सरकारी मानक, आणि ५०० मायक्रॉन दोन्ही लिहून घेतलं, रोलवरचा मार्क बघितला, तुकडा वजन केला, मग ॲडव्हान्स दिला. दर लिहीत नाही कारण दरवर्षी बदलतोय, पण किती चौरस मीटर लागणार ते स्वतः मोजून जा. माझ्या मापाला तळ १२ मीटर, दोन्ही बाजूचे उतार मिळून पावणेअकरा मीटर, आणि काठावर चरीत दाबायला दोन्हीकडं एक एक मीटर, म्हणजे एका बाजूला पावणेपंचवीस, सगळा मिळून सव्वासहाशे चौरस मीटरच्या आत. एका एजंटनं मला साडेआठशेचं कोटेशन दिलं होतं.

कागद घालायचं काम दोन माणसांनी एका दिवसात केलं आणि त्यांचं काम बघण्यासारखं होतं. विजापूरकडचे होते, मराठी थोडी कळायची. खोदाई झाल्यावर त्यांनी आधी अख्खा खड्डा हातानं फिरून बघितला, एक एक धारदार खडा, एक एक मूळ वेचून बाहेर, उताराला बारीक चाळलेली माती चोपून बसवली, आमच्या घरच्यांना पण बसवलं वेचायला. मग कागद पसरला, आणि तिथून पुढं जो कोण आत उतरायला जाईल त्याला वरनंच ओरडून सांगायचे, चप्पल बिट्ट बर्री. चप्पल काढून या. मे महिन्याच्या उन्हात काळ्या कागदावर अनवाणी, पाय भाजायचे म्हणून ओलं पोतं टाकून त्याच्यावर उभे राहायचे पण चपलेचा खिळा कागदाला लागू दिला नाही. जोड गरम हवेच्या मशीननं मारला आणि थंड झाल्यावर प्रत्येक जोडावरनं स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबत शेवटपर्यंत नेलं, कुठं टोक आत शिरलं की तिथं परत मशीन. असं काम करणारी माणसं मिळाली तर चहापाणी, जेवण, दोन पैसे जास्त, काय पाहिजे ते द्या. कागद कितीही चांगला असू दे, जोड कच्चा राहिला की सगळं पाणी तिथून जातं.

काठावर चर मारून कागदाची कड त्यात सोडायची आणि माती भरून चोपायची, हे सगळे सांगतात. जे कुणी सांगत नाही ते हे की पाणी आत यायच्या तोंडाला गाळखड्डा पाहिजेच पाहिजे. साधारण दोन मीटर लांब, मीटरभर खोल, पाणी आधी त्यात पडायचं, माती तिथं बसायची आणि वरचं नितळलेलं पाणी पाईपानं तळ्यात. आमचा पहिल्या मोठ्या पावसातच तुडुंब गाळानं भरला, तो गाळ तळ्यात गेला असता तर काढायला फावडं घेऊन कागदावर उतरावं लागलं असतं आणि फावडं म्हणजे कागदाचा मृत्यू. गाळखड्ड्यातली माती परत शेतात टाकली, आपलीच माती ती. जादा पाणी जायला सांडवा दगडानं बांधून घ्या, नाहीतर भरलेल्या तळ्याचा बांध एका रात्रीत जातो.

आता २०२३ चं सांगतो, कारण कागद पैसे वसूल करतो का नाही ते त्या साली कळलं. जून कोरडा, जुलैत बऱ्यापैकी पडला, तळं निम्म्याच्या वर गेलं. मग ऑगस्ट. उडीद माना टाकायला लागला, तुरीची वाढ थांबली. घरात रोज तोच विषय, धाकटा भाऊ म्हणायचा पाणी डोळ्यासमोर दिसतंय आणि पीक वाळतंय, आत्ता द्यायचं नाहीतर कधी. आई म्हणायची शाळू गेला तर वर्षभर भाकरी विकतची आणि जनावरांना कडबा कुठनं आणणार. शेवटी आईचं ऐकलं. उडीद गेला, थोडाफार काढला, तूर खोल मुळाची म्हणून तगून राहिली. सप्टेंबरात थोडा पाऊस आला त्यावर शाळू आणि हरभरा पेरला, शाळू मालदांडी वाणाचाच, आमच्या घरात दुसरी भाकरी चालत नाही. त्यानंतर ऑक्टोबर कोरडा ठणठणीत. तळ्यात उडून बिडून तीन लाख लिटरच्या आसपास राहिलं असेल, पट्टीच्या खुणेवरून सांगतोय. पेरून महिना झाल्यावर इंजिन लावलं आणि स्प्रिंकलरनं एक एकर शाळू आणि अर्धा एकर हरभरा भिजवला, तिथंच तळं संपलं. बाकीच्या तुकड्याला पाणी नाही.

फरक काय पडला ते पावलीनं मोजायची गरज नव्हती. पाणी दिलेला शाळू माणसाच्या डोक्यावर, कणसं भरलेली, हुरड्याला पाहुणे आले. बिनपाण्याचा तुकडा कमरेला पण धड आला नाही, कणसं अर्धी पोकळ, दाणा बारीक, तो शेवटी जनावरांनाच कापून घातला. आणि जनावरांचंच जास्त महत्त्वाचं आहे हो. त्या उन्हाळ्यात आमच्या आसपास कडबा मिळेना, मिळाला तर भाव ऐकून परत यायचं, किती जणांनी बैलजोड्या विकल्या. बाजारात बैल नेऊन बांधणाऱ्या माणसाचं तोंड बघवत नाही. आमच्या गोठ्यातलं एक जनावर गेलं नाही, ते त्या एका एकराच्या कडब्यावर. दुष्काळाची सरकारी मदत कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार, म्हणजे एकराला तीन हजार चारशे, ती पण पुढल्या उन्हाळ्यात. मदत मिळाली, बरं झालं, नाकारत नाही. पीक विमा पण भरतो, रब्बीला आपला हिस्सा दीड टक्का आणि खरिपाला दोन टक्के, न भरण्यात शहाणपण नाही. पण विम्याचा हिशोब ग्रामपंचायतीच्या सरासरीवर ठरतो, आणि कितीही वेळेवर आला तरी पैसा गव्हाणीत टाकता येत नाही. दोन्ही असावं असं माझं मत, पण आधी काय म्हणाल तर आधी पाणी.

कागदाचे तोटे पण स्पष्ट सांगतो. पाण्याच्या वरची जी पट्टी कायम उन्हात असते ती आधी खराब होते, माझी तिथं थोडी कडक पडायला लागलीय, खालचा पाण्यातला भाग अजून नव्यासारखा. म्हणून उन्हाळ्यात तळं पूर्ण रिकामं करू नका, फूटभर तरी पाणी तळाला राहू द्या, नाहीतर वारा आत शिरून कागद उचलतो आणि जोडावर ताण येतो. अगदीच रिकामं झालं तर मातीची पोती तळाला ठेवा. उंदीर बांधात बिळं करून खालून कुरतडतात, बांधावर गवत माजू देऊ नका. कुत्री, कोल्ही पाणी प्यायला उतरतात आणि नखांनी ओरखडे काढतात. भोक पडलं तर सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावत बसू नका, एचडीपीईला ते धरत नाही, दोन दिवसात निघतं. त्याच कागदाचा तुकडा गरम हवेनंच चिकटवावा लागतो, म्हणून बसवताना उरलेले तुकडे फेकून देऊ नका आणि मशीनवाल्याचा नंबर जपून ठेवा. एक स्टार मी कापलाय तो इथं, विकताना सगळे येतात पण दुरुस्तीला अर्ध्या मीटरच्या भोकासाठी कोण यायला तयार नाही. शेवटी गावातल्या चार तळेवाल्यांनी मिळून एक दिवस ठरवला, सगळ्यांची भोकं एकदमच दाखवली, मग मशीनवाला आला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुंपण. ही गोष्ट खर्चाच्या यादीत शेवटी लिहितात आणि पैसे संपले की तीच राहून जाते, असं करू नका हात जोडून सांगतो. कागदाचं तळं विहिरीपेक्षा धोक्याचं आहे, विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, इथं उतार गुळगुळीत, ओला झाला की शेवाळ, पोहता येणारा माणूस पण वर चढू शकत नाही, हात लावायला काही मिळतच नाही. लेकरं, शेरडं, वासरं, पाणी दिसलं की जातात. चारी बाजूनं जाळी आणि कुलूप लावलेलं फाटक, आणि आत चारी बाजूंना काठावरच्या खांबाला बांधलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडलेला, त्याला गाठी मारलेल्या आणि टोकाला जुनं टायर. आमच्याकडं पहिलं पाणी यायच्या आधी दोर लागले होते. खर्च म्हणाल तर कागदाच्या मानानं काहीच नाही. कुंपणाला पैसे नसतील तर तळं एक साल पुढं ढकला.

आता एक गोष्ट जी काही जणांना आवडणार नाही. आमच्या तालुक्यात आणि विजापूर जिल्ह्यातल्या तिकोट्याकडं द्राक्षवाल्यांची मोठी मोठी कागदाची तळी आहेत, त्यातली कित्येक पावसानं भरत नाहीत, बोअरनं भरतात. जमिनीत गार सुरक्षित असलेलं पाणी वर काढून उन्हात उघडं ठेवायचं आणि त्यातलं किती तरी वाऱ्यावर सोडायचं, याला मी दुष्काळाची तयारी म्हणणार नाही. एकाचं तळं भरतंय तेव्हा शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर आटतेय. द्राक्षबागेवर माणसाचं लाखोंचं कर्ज असतं, बाग वाळली की माणूस उठतो, हे मला कळतं, त्यांच्यावर राग नाही. पण कागद घेताना ठरवून घ्या की हे पावसाचं पाणी धरायला आहे. शाळू, हरभरा, करडई, तूर अशा पिकाला एक दोन पाण्याची सोय म्हणून हे जबरदस्त आहे, ऊस लावायला म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, ८ लाख लिटर उसाला काय पुरणार.

दीड दोन एकरवाल्यांनी काय करावं? तळं, बांध, जायची वाट धरून माझी सहा सात गुंठे जमीन गेली. साडेतीन एकरात ते सोसतं, दीड एकरात नाही सोसत. त्यांनी आधी फुकटातलं करावं. जुलै ऑगस्टात काळ्या रानात उताराला आडवे छोटे बांध घालून चौकोन पाडून ठेवायचे, कंपार्टमेंट बंडिंग म्हणतात त्याला, विजापूर भागात वर्षानुवर्षं करतात, पडेल तो पाऊस तिथल्या तिथं मुरतो आणि शाळू पेरताना ओल खोलवर सापडते. पेरल्यावर कोळपणी वेळेवर, भेगा बुजवायच्या, एक कोळपणी अर्धं पाणी हे जुनी माणसं उगीच म्हणत नव्हती. मी तळ्याबरोबर हे पण करतो, आणि खरं सांगायचं तर ज्या तुकड्यात चौकोन पाडले होते तिथं पाणी द्यायला चार दिवस उशीर झाला तरी पीक थांबलं. किंवा दोघा भावांनी, दोघा शेजाऱ्यांनी बांधावर मिळून एक तळं काढायचं, पण मग पाणी वाटपाचं आधी कागदावर लिहून सह्या करा, ऑगस्टात भांडण नको.

सबसिडीचं विचारताय तर आपल्याकडं कर्नाटक सरकारची कृषी भाग्य योजना आहे, २०१४ च्या सुमाराला सुरू झाली, मध्ये काही वर्षं थंडावली, २०२३ च्या बजेटमध्ये परत आणली. कृषी होंडा म्हणजे तळं, कागद, पंप, स्प्रिंकलर, कुंपण असं पॅकेज असतं. मी काढलं तेव्हा योजना थंडच होती म्हणून सोसायटीचं कर्ज आणि घरातलं थोडं सोनं, असं भागवलं. आता करणाऱ्यांनी आपल्या होबळीच्या (तालुक्याखालचा महसुली भाग) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या ऑफिसात जाऊन यंदा आपला तालुका यादीत आहे का, कुठलं माप मंजूर होतंय, ते आधी विचारा आणि मंजुरी हातात यायच्या आधी जेसीबी बोलवू नका, आधी खोदलेल्याला पैसे मिळत नाहीत. फ्रूट्सचा, म्हणजे सरकारच्या शेतकरी नोंदणीचा एफआयडी नंबर लागतो, पहाणी उताऱ्यावर (आपला सातबारा म्हणा) नाव पाहिजे, वारसा नोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्या, त्यातच लोकांचं वर्ष जातं. फॉर्म कन्नडमध्ये असतो, आमच्या वयाच्या कित्येकांना बोलता येतं पण वाचता येत नाही, आमच्या घरात मुलगी भरते, ती गल्लीतल्या निम्म्या लोकांचे भरते. तुमच्या गल्लीत पण अशी कोणी असेल, तिला बरोबर घेऊन जा. आणि यूट्यूबवर मराठीत जे व्हिडिओ येतात, मागेल त्याला शेततळे वगैरे, ती २०१६ ची महाराष्ट्राची योजना, जतवाल्या पाहुण्यांना मिळेल, आपल्याला नाही. व्हिडिओ बघून तिकडची कागदपत्रं गोळा करत बसलेले लोक मी बघितलेत. खोदाईची आणि कागदाची माहिती त्या व्हिडिओतून जरूर घ्या, ती चांगली असते.

पावसाची खबर ठेवायला हवामान खात्याचं मेघदूत ॲप मोबाईलवर टाकून घ्या, मराठीत पण चालतं, मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा सल्ला येतो. पुढल्या चार पाच दिवसात पाऊस दिसत असेल तर तळ्यातलं पाणी कशाला वाया घालवायचं, आणि दिसत नसेल तर इंजिन कधी लावायचं ते ठरवता येतं.

यंदा करायचं असेल तर वेळापत्रक असं धरा. सुगी उरकली की मार्चात जागा ठरवायची, ते सुद्धा गेल्या पावसाळ्यात पाणी कुठनं वाहिलं ते आठवून, घरातल्या बायकांना विचारा, ओलं कुठं राहतं ते त्यांना जास्त माहीत असतं. एप्रिलात खोदाई, मग उन्हात माती तापू द्यायची, मे महिन्यात कागद आणि लगेच कुंपण. रोहिण्या लागल्यावर मशीनवाले मिळत नाहीत आणि वळवाचा एक पाऊस उघड्या खड्ड्यात पडला की उतार परत कापून घ्यावा लागतो. अथणी, कागवाड, रायबाग बाजूच्या कुणाला तळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर खाली लिहा, जोड, गाळखड्डा, दोर सगळं दाखवतो, फक्त येताना तुमच्या रानाच्या उताराचा एखादा फोटो काढून आणा म्हणजे माप बोलता येईल.